मगरिबला बारा वाजणारं घड्याळ

मराठीत वेळ विचारायची तर 'किती वाजले?' असं विचारतात. आमच्या घरातल्या दखनीतही तेच, 'कित्ते बजे?' मोबाइलवरचे आकडे वाचून सांगतानाही आपण 'साडेदहा वाजले' म्हणतो. वाजलेलं काहीच नसतं, पण भाषेला ते अजून ठाऊक नाही. घड्याळ हा शब्दसुद्धा मुळात कानांचाच. घटी म्हणजे पाण्याचं भांडं, तिची झाली घडी, आणि घडी भरल्यावर काशाच्या ज्या जाड थाळीवर टोला द्यायचे ती थाळी म्हणजे घड्याळ. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक, पाण्यानं भरलेल्या घंगाळात सोडली की २४ मिनिटांत भरून बुडायची. अशा ६० वाट्या बुडाल्या की एक दिवस आणि एक रात्र सरली. 'त्याची घटका भरली' असं आपण अजून म्हणतो, तेव्हा ती बुडणारी वाटी कुणाच्या डोळ्यांपुढे नसते.

बाबर हिंदुस्थानात आला तेव्हा हे टोले ऐकून चक्रावला होता. आपल्या आत्मचरित्रात त्यानं घटका, पळं आणि प्रहरांचा हिशेब नीट लिहून ठेवलाय आणि त्यातली एक अडचणही नोंदवलीय. रात्री जाग आलेल्या माणसाला तीन-चार टोले ऐकू आले तरी ते दुसऱ्या प्रहराचे की तिसऱ्या, हे समजायला मार्ग नव्हता. त्यानं हुकूम दिला की घटकांचे टोले झाले की जरा थांबायचं आणि मग कितवा प्रहर चालू आहे तेवढे टोले वेगळे द्यायचे. बादशहानं लढाया सोडून या गोष्टीत लक्ष घातलं, याचं मला पूर्वी हसू यायचं. आता येत नाही. अंधारात जाग आल्यावर किती वाजले हे न कळणं काय असतं, ते गेली चार वर्षं मी घरातच बघतोय.

अब्बा एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्या लावण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. मनगटावर एचएमटी, पुढ्यात वेळापत्रक. वडूजची गाडी सात मिनिटं उशिरा आली तर घरी आल्यावरही त्यांच्या कपाळावर त्या सात मिनिटांची आठी असायची. काचबिंदूनं त्यांची नजर बाजूबाजूनं गेली. आधी कडा गेल्या, मग नळीतून बघावं तसं मधलं थोडं उरलं, मग तेही गेलं. अंधारात चालायचं ते शिकले. भिंत, उंबरा, न्हाणीघराची पायरी हाताला आणि पायाला पाठ झाली. वेळेचं मात्र जमेना. सुरुवातीला ते तासातासाला विचारायचे. नंतर अर्ध्या तासानं. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की त्यांनी विचारणंच बंद केलंय.

ते जास्त वाईट होतं. रात्री दोनला उठून वजू करून बसायचे, फजर चुकली असेल या धास्तीनं. अम्मीला उठवायचं नाही म्हणून अंधारात (त्यांना अंधार काय आणि उजेड काय) तासन्‌तास तसेच. बोलणारा मोबाइल दिला. एक बाई हिंदीतून खणखणीत आवाजात वेळ सांगायची. मशिदीत एकदा खुतबा चालू असताना त्यांच्या खिशातून ती बोलली. त्या दिवसापासून मोबाइल उशाखाली गेला तो गेला.

त्यांच्यासाठी काही वेगळं मिळतं का, हे शोधता शोधता मी जुन्या खिशातल्या घड्याळांपाशी जाऊन पोचलो. साखळीची, नक्षीची, मिन्याची, राजेरजवाड्यांनी वापरलेली. आपल्या उपयोगाचं त्यात काय असणार, असं वाटत होतं. पण बघत गेलो तसं लक्षात आलं, की आज आपल्याला बारा आकडे आणि दोन काटे म्हणजेच घड्याळ वाटतं, तशी सक्ती तेव्हा कारागिरावर नव्हती. वेळ दाखवायची कशी हा प्रश्न अजून मोकळा होता, आणि प्रत्येकानं तो आपापल्या परीनं सोडवला होता. रात्री जेवणं झाली की मी संग्रहालयांच्या साइटवरचे फोटो बघायचो आणि अब्बांना वर्णन करून सांगायचो. ते कंट्रोलरच्या थाटात निकाल द्यायचे.

पहिलं सांगितलं ते लंडनच्या सूर्य-चंद्र घड्याळाचं. १७०० च्या आगेमागे तिथले कारागीर ही बनवत. तबकडीच्या वरच्या अर्ध्या भागात एक कमानदार खिडकी असते. खिडकीमागे एक चकती २४ तासांत एक फेरी घेते. चकतीवर एका बाजूला सोनेरी सूर्य, समोरच्या बाजूला रुपेरी चंद्र. सकाळी सहाला सूर्य कमानीच्या डाव्या टोकाला उगवतो, दुपारी बाराला माथ्यावर येतो, संध्याकाळी सहाला उजवीकडे बुडतो, आणि तो बुडत असतानाच डावीकडून चंद्र वर येतो. सूर्य ज्या आकड्याखाली असेल तो तास. मिनिटांसाठी नेहमीसारखा एक काटा.

"म्हणजे कासराभर दिवस वर आला, तसंच की हे," अब्बा म्हणाले. बरोबर होतं. आमच्या खटाव-माण भागात जुनी माणसं सूर्य क्षितिजापासून किती वर आला हे बैलाच्या कासऱ्यानं सांगतात. कासराभर, दोन कासरे. लंडनच्या कारागिरानं तो कासरा सोन्याच्या डबीत घातला इतकंच. फक्त त्याचा सूर्य बाराही महिने सहालाच उगवतो नि सहालाच मावळतो. आपल्याकडे ते वर्षातून दोनदाच जवळपास खरं असतं.

दुसरं, फिरत्या तासांचं. त्याची गोष्ट मोठी माणसासारखी आहे. पोप सातवे अलेक्झांडर यांना झोप येत नसे आणि घड्याळाच्या टिकटिकीनं तर मुळीच नाही. रोमच्या काम्पानी बंधूंनी १६५० च्या दशकात त्यांच्यासाठी रात्रीचं एक मोठं घड्याळ केलं, आवाज न करणारं आणि आत दिवा ठेवायची सोय असलेलं. त्यात काटाच नव्हता. तासाचा आकडा कोरलेला असायचा, त्यातून मागच्या दिव्याचा उजेड झिरपायचा, आणि तो आकडाच अर्धगोल कमानीवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकायचा. कमानीवर कुठे पोचला त्यावरून पाव तास, अर्धा तास कळायचा. तास संपला की तो आकडा आड जायचा, पुढचा पहिल्या टोकाला उगवायचा. पुढे हीच युक्ती खिशातल्या घड्याळांत उतरली. ख्रिस्ती धर्मगुरू असो की मोगल बादशहा, झोप उडालेल्या माणसाचं दुखणं एकच. अब्बांना ही गोष्ट आवडली, घड्याळ नाही. "उजेड लागतोच की त्याला."

फ्रेंच राज्यक्रांतीतलं दहा तासांचं घड्याळ त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. १७९३ साली फ्रान्सनं दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटं असा कायदा केला, त्याप्रमाणे दुहेरी तबकड्यांची सुंदर घड्याळं निघाली, आणि दीड-पावणेदोन वर्षांत सरकारनं ती सक्ती मागे घेतली. लोकांनी वेळ बदलून घेतली नाही. ऑस्ट्रियाच्या योझेफ पालवेबर यानं १८८० च्या दशकात काटे काढून टाकून खिडकीत उडी मारणारे आकडे बसवले, त्याचंही मला फारसं कौतुक नाही. आजच्या आपल्या सगळ्या आकडेवाल्या घड्याळांचा तो पणजोबा, पण त्यात बघायला काही उरत नाही.

एक मात्र मी फार वेळ बघत बसलो. जिनिव्हाकडे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनत असलेलं. तबकडीच्या मध्यभागी सोन्याची छोटी आकृती, दोन्ही हात खाली सोडलेले. डाव्या-उजव्या बाजूला दोन कमानी, एकीवर तास, एकीवर मिनिटं. घड्याळाची कळ दाबली की ती आकृती दोन्ही हात वर करते. एक हात तासावर, दुसरा मिनिटांवर. कळ सोडली की हात पुन्हा खाली. विचारल्याशिवाय वेळ सांगायचीच नाही, असा त्याचा स्वभाव. मी वर्णन केलं तर अब्बा जरा गप्प राहून म्हणाले, "दुआ मागितल्यासारखे?" तसे नव्हते. दुएत हात जुळलेले असतात, हे तर फाकलेले. पण मी हो म्हटलं.

मग आली ती घड्याळं, ज्यांच्यासाठी मी हे सगळं शोधत होतो.

कळ दाबल्यावर टोले देणारं खिशातलं घड्याळ इंग्लंडमध्ये १६८० च्या दशकात निघालं. ते आपण शोधलं असा दावा दोघांचा, एडवर्ड बार्लो आणि डॅनियल क्वेअर. १६८७ साली प्रकरण राजा दुसऱ्या जेम्सपुढे गेलं, आणि त्यानं दोन्ही घड्याळं वाजवून बघून क्वेअरच्या बाजूनं कौल दिला. पुढे त्यात पाव तास आले, मग मिनिटं आली. समजा दहा वाजून पन्नास मिनिटं झालीत. कळ सरकवली की आधी खर्जातले दहा टोले, मग पाव तासाचे तीन दुहेरी टोले, मग बारीक आवाजातले पाच. बाबराच्या हुकमासारखंच, एकाच टोल्यात सगळं कोंबायचं नाही, प्रत्येकाचा सूर वेगळा. आत गोगलगाईच्या शंखासारखी पायऱ्यापायऱ्यांची एक चकती असते. कळ दाबली की एक दांडा त्या पायऱ्यांवर येऊन टेकतो. जेवढी खोल पायरी लागली तेवढे टोले. म्हणजे यंत्र स्वतःच चाचपून वेळ ओळखतं आणि मग आपल्याला सांगतं. काडेपेटी निघायच्या कितीतरी आधी, मेणबत्ती पेटवायला चकमक घासावी लागायची त्या काळात, अंधारात पलंगावर पडल्या पडल्या वेळ कळणं ही केवढी मोठी गोष्ट असेल.

यातलाच एक मुका प्रकार आहे. त्यात घंटा किंवा तार नसते, हातोडी घड्याळाच्या डबीवरच आतून ठोके देते. ते बाहेर जवळजवळ ऐकू येत नाहीत, फक्त तळहाताला जाणवतात. दरबारात, मैफलीत, कुणाचं बोलणं कंटाळवाणं झालं तर, खिशात हात घालून वेळ मोजून घ्यायची. अब्बा लगेच म्हणाले, "खुतब्यात चाललं असतं."

आणि पॅरिसच्या ब्रेगेनं १७९९ च्या सुमारास काढलेलं स्पर्शाचं घड्याळ. याच्या झाकणावर बाहेरून एक बाण असतो आणि कडेला बारा उंचवटे. बाण बोटानं फिरवत न्यायचा, जिथे अडेल तिथे वेळ. किती उंचवटे ओलांडले ते बोटानं मोजायचं. १८०० साली नेपोलियनच्या पत्नीनं, जोसेफीननं, असंच एक घेतलं होतं. निळा मिना, आणि बारा उंचवट्यांच्या जागी हिरे. फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा श्रीमंती थाट वाटला. नंतर उमगलं की ते हिरे बोटांनी वाचायचे आकडे आहेत. ती नक्षी काढून टाकली तर घड्याळच बंद पडल्यासारखं होईल. (ब्रेगेच्या घड्याळांचा जगातला एक फार मोठा संग्रह जेरुसलेमच्या इस्लामी कलेच्या संग्रहालयात आहे. एका ज्यू कुटुंबाचा. १९८३ साली तिथून शंभरावर घड्याळं चोरीला गेली आणि बहुतेक सगळी पंचवीसएक वर्षांनी परत मिळाली. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

अब्बांनी हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "दादांचं घड्याळ कुठाय?"

दादा म्हणजे माझे आजोबा. आम्ही नातवंडंही त्यांना दादाच म्हणायचो. त्यांचं घड्याळ वेस्ट एंड कंपनीचं, चांदीच्या झाकणाचं, पांढऱ्या मिन्याच्या तबकडीवर रोमन आकडे आणि खाली मुंबई-कलकत्ता अशी गावांची नावं. संस्थान विलीन व्हायच्या आधी त्यांनी ते साताऱ्यात जुनंच विकत घेतलं होतं. अम्मीच्या कपाटात लवंगांच्या डबीशेजारी ते पडून होतं. किल्ली दिली तर चालू झालं. घड्याळजीकडे नेलं, काच काढून टाका म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. लोक काच बसवायला येतात. कारण सांगितल्यावर त्यानं पैसे घेतले नाहीत, पण काम मनापासून केलं. वरची काच काढली, सेकंदाचा नाजूक काटा काढला, तास आणि मिनिटांचे दोन्ही काटे काढून त्याच्या डब्यातले जरा जाड, ताठ काटे बसवले, आणि बारा, तीन, सहा, नऊ या आकड्यांवर अ‍ॅरल्डाइटचे बारीक ठिपके दिले. बाराला दोन ठिपके. झाकण उघडायचं, बोटाच्या शेंड्यानं काटे अलगद चाचपायचे, झाकण मिटायचं. एचएमटीनंही अंधांसाठी काच उघडणारी घड्याळं काढली होती, पण तो कारखाना आता बंद झालाय.

पहिल्या महिन्यात दोनदा काटा वाकला. मग बोट शिकलं.

आता पुढचं सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. दादांचं शिक्षण औंध संस्थानातल्या शाळेतलं. राजा बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केलेले, त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलेलं. आमच्या दादांचा दिवस पहाटे फजरनं, मग शाळेत नमस्कारानं सुरू व्हायचा. घरी त्याची कधी चर्चा झाल्याचं ऐकिवात नाही. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, घटका तिथूनच मोजायच्या. आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून गुरुवारची संध्याकाळ उलटली की जुम्याची रात लागते आणि चांद दिसला की रमजानची पहिली तरावीह रोज्याच्या आधी होते. सरकारचा दिवस मध्यरात्री सुरू होतो, जेव्हा आकाशात डोळ्यांना दिसेल असं काहीच घडत नाही. औंधात हे तिन्ही दिवस एकमेकांवरून जातात आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही.

त्यातला सरकारी वेळ तर आपल्या गावाचाही नाही. १ जानेवारी १९०६ पासून जो भारतीय प्रमाणवेळ आला तो साडेब्याऐंशी रेखांशाचा, मिर्झापूरकडचा. मुंबईनं तो बरीच वर्षं मानला नाही, महापालिकेची घड्याळं ३९ मिनिटं मागेच चालायची. औंध साधारण सव्वाचौऱ्याहत्तर रेखांशावर. आपला सूर्य सरकारी घड्याळाच्या ३२-३३ मिनिटं मागे असतो. यमाईच्या डोंगरावर सूर्य बरोबर माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी साडेबारा वाजून गेलेले असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबारा, फेब्रुवारीच्या मध्याला पावणेएक. म्हणून जोहरची वेळ बाराला धरून चालत नाही. मुंबईचं छापील रमजानचं वेळापत्रक औंधात वापरायचं तर इफ्तार पाच-सहा मिनिटं तरी अलीकडे घ्यावा लागतो. आणि असरचं विचाराल तर आम्ही घाटावरचे हनफी, आमच्या मोठ्या बहिणीचं सासर कोकणातलं, शाफई. सावली एकपट झाली की त्यांची असर, दुप्पट झाली की आमची. एकाच अंगणात, एकाच सावलीवर पाऊण-एक तासाचा फरक.

उस्मानी तुर्कांनी हा घोळ खिशातल्या घड्याळात बसवला होता. लंडनचा जॉर्ज प्रायर, पॅरिसचा ब्रेगे, पुढे स्विस कारागीर, सगळे तुर्की बाजारासाठी घड्याळं बनवत. एकात एक तीन, कधी चार डब्या, बाहेरची कासवाच्या पाठीची, चांदीच्या बारीक खिळ्यांनी मढवलेली. चित्रात फुलं, वेली, बॉस्फोरसच्या काठचे मिनार. आकडे अरबी, ज्यात सात म्हणजे इंग्रजी व्ही आणि तोच पालथा घातला की आठ. यंत्र आणि तबकडी नेहमीचीच, फक्त वापरणाऱ्यानं रोज सूर्य मावळला की दोन्ही काटे बारावर आणायचे. मगरिबला बारा. तिथून नवा दिवस. मशिदींना लागून मुवक्कितखाने असायचे, वक्त सांभाळणाऱ्यांच्या खोल्या, तिथे जाऊन लोक घड्याळं लावून घेत. या वेळेला ते अलातुर्का म्हणत, युरोपच्या वेळेला अलाफ्रांगा. कित्येक जण दोन्ही बाळगत. १९२५ च्या डिसेंबरात तुर्कस्तानच्या सरकारनं कायदा करून अलातुर्का बंद केलं. अरबस्तानात ते त्यानंतरही बराच काळ चाललं. दादांचे मामू जहाजानं हजला गेले होते, ते सांगत की तिथे मगरिबला बारा वाजायचे, आणि ऐकणारे आम्ही पोरं त्यांना खुळ्यात काढायचो.

अब्बांनी हे ऐकलं तेव्हा काही बोलले नाहीत. दोन-तीन दिवसांनी मगरिबची अजान झाली आणि बघतो तर ते झाकण उघडून काटे फिरवतायत. विचारलं तर म्हणाले, "हे रोज चार-पाच मिनिटं मागे पडतं. लावायचं तर रोज कुणाला तरी वेळ विचारायला लागते. अजान तर न विचारताच येते."

आणि दोन्ही काटे एकावर एक, दोन ठिपक्यांच्या खाली, सरळ वर, ही जागा बोटाला सगळ्यात सोपी. साडेसात किंवा वीस मिनिटं कमी लावताना चुकायची भीती, बारा चुकत नाही.

तेव्हापासून आमच्या घरी दोन वेळा चालतात. अब्बांच्या घड्याळात इशा सव्वाच्या सुमारास होते. जोहरची वेळ उन्हाळ्यात साडेपाचला लागते, थंडीत साडेसहाला. सूर्यास्त औंधात रोज फार तर पाऊण मिनिटानं सरकतो, त्यामुळे आठवडाभरात त्यांना काही जाणवत नाही, महिन्यानं जाणवतं. पहाटे उठले की बोट लावतात. दहा वाजलेले असले तर पुन्हा झोपतात, अकराच्या आसपास असले तर उठतात. रात्री दोनला वजू करून बसणं थांबलं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. मशिदीत त्या फळ्यावर पाच छोटी न चालणारी घड्याळं असतात, जमातीच्या वेळांची, हातानं काटे फिरवायची. तिथले बदललेले काटे कुणीतरी त्यांना वाचून दाखवतं, आणि ते तिथल्या तिथे आपल्या हिशेबात घेतात. बत्तीस वर्षं ज्यानं वेळापत्रकं जुळवली त्याला हे अवघड नाही.

त्रास आहे तो अम्मीला. रात्री नऊची रक्तदाबाची गोळी अब्बा स्वतःच्या हातानं घेतात, पण ओरडून विचारतात, "पावणेतीन झाले का गं?" ती म्हणते, "मला तुमचं तुर्की समजत नाही, नऊ झालेत."

या रमजानला बाजारपेठेतल्या दुकानदारानं सहरी-इफ्तारचं नवं वेळापत्रक वाटलं. अम्मी चष्मा लावून एकेक ओळ वाचत होती, अब्बा पलंगावर पाठ टेकून ऐकत होते. इफ्तारच्या रकान्यापाशी ती आली तेव्हा त्यांनी हातानंच थांबवलं.

"ते राहू दे. तिथे रोज बाराच आहेत. सहरीचं वाच."